गुरुवारची डोकेदुखी: कॉफी आणि सिगारेट सोडण्याच्या क्रमाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सुधीर (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) ४३ वर्षांचे. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात टूलरूमचे सुपरवायझर. दर आठवड्याला पाळी बदलते: फर्स्ट, थर्ड, सेकंड. साप्ताहिक सुट्टी या भागात असते तशी गुरुवारी. सिगारेट वीस वर्षांपासून, दिवसाला बारा. पहिली उठल्यावर दहा मिनिटांच्या आत, गॅलरीत.

कॉफीचं वळण लग्नानंतरचं. बायकोचं माहेर धारवाडचं; तिच्याबरोबर घरात पितळी फिल्टर आला आणि चहा बाजूला पडला. सकाळी साडेपाचला एक मोठा मग, संध्याकाळी सहाला दुसरा. कारखान्यात मशिनची कॉफी फुकट, त्यामुळे तिथे मोजदाद नाही. गेटबाहेरच्या टपरीवर दोन कटिंग, पण तिथे जायचं ते सिगारेटसाठी. चहा म्हणजे उभं राहायचं निमित्त. थर्ड शिफ्टला रात्री तीनच्या सुमारास एनर्जी ड्रिंकचा एक कॅन.

तक्रारी वर्षभरापासून होत्या. छातीत धडधड, कायम आंबट ढेकर, झोप तुटक. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत रक्तदाब १४८/९४ निघाला आणि डॉक्टरांनी दोन्ही बंद करायला सांगितलं. आणखी एक तक्रार होती, ती कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. दर गुरुवारी सुधीर यांचं डोकं दुखायचं. बायकोचं म्हणणं, ‘अहो, कामाच्या दिवशी बरं दुखत नाही तुमचं डोकं!’ तिला हा घरकाम टाळायचा बहाणा वाटायचा.

आधीचे दोन प्रयत्न

पहिला प्रयत्न १ जानेवारीचा. कॉफी, चहा, सिगारेट सगळं एकदम बंद. दुपारपासून डोकं जड, दुसऱ्या दिवशी कपाळापासून मानेपर्यंत ठणका, मळमळ, अंग मोडून आल्यासारखं. मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी आणली. दोन सकाळी, दोन रात्री. गोळीने बरं वाटायचं, उतरली की पुन्हा ठणका. तिसऱ्या दिवशी ड्रॉइंगवरचं माप वाचण्यात चूक झाली, एक महागडा इन्सर्ट (साच्यात बसवायचा सुटा भाग) वाया गेला आणि त्याच संध्याकाळी टपरीवर सिगारेट पेटली.

यात नेमकं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. कॅफिन थांबल्याचा त्रास शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतो, २० ते ५१ तासांच्या दरम्यान कळसाला पोचतो आणि दोन ते नऊ दिवस टिकतो. निकोटिनची तलफ आणि चिडचिडही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त असते. म्हणजे दोन्ही कळस एकावर एक आले. त्यात ती गोळी. डोकेदुखीच्या बऱ्याच संयुक्त गोळ्यांमध्ये वेदनाशामकाबरोबर कॅफिन असतं. या गोळीत एकीत ५० मिलिग्रॅम होतं. चार गोळ्या म्हणजे दोनशे मिलिग्रॅम. कॉफी सोडलेला माणूस गोळीतून कॅफिन घेत होता आणि त्याला वाटत होतं, गोळी चांगली लागू पडते.

दुसरा प्रयत्न सहा महिन्यांनी, फक्त सिगारेटचा. निकोटिनचा च्युइंगम आणला, दोन मिलिग्रॅमचा. कॉफीला हात लावला नाही. उलट सिगारेट नाही म्हणून मशिनकडे दोन चकरा वाढल्या. पहिले तीन दिवस जेमतेम ठीक गेले. चौथ्या दिवसापासून हात थरथरायला लागले, धडधड वाढली, रात्री दोनपर्यंत टक्क जाग. गम ‘लागतच नाही’ आणि उचक्या येतात, अशीही तक्रार. नवव्या दिवशी प्रयत्न सुटला. सुधीर यांनी काढलेला निष्कर्ष: आपल्या शरीराला सिगारेट लागतेच, ती नसली की हात कापतात.

हा निष्कर्ष चुकीचा होता, पण भल्याभल्यांचा होतो. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातलं सीवायपी-१ए-२ नावाचं एन्झाइम वाढतं आणि जोमाने काम करतं. कॅफिनचा निचरा मुख्यतः हेच एन्झाइम करतं. म्हणून सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तातलं कॅफिन लवकर उतरतं, तेवढ्याच परिणामासाठी त्याला जास्त कॉफी लागते आणि ती पचतेही. सिगारेट थांबली की काही दिवसांत एन्झाइम मूळ पातळीवर येतं. तेवढीच कॉफी पीत राहिलं तर रक्तातलं कॅफिन दुपटीच्या आसपास जातं. हातांची थरथर, धडधड आणि टक्क जाग यातला मोठा वाटा कॉफीचा होता. खापर फुटलं सिगारेट सोडण्यावर.

ही करामत धुराची आहे, निकोटिनची नाही. त्यामुळे निकोटिनचा गम चालू असला तरी एन्झाइम उतरतंच. तंबाखू मळून खाणाऱ्याला हा नियम लागू होत नाही.

गम न लागण्याचं कारण वेगळं होतं. निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून शोषलं जातं आणि त्यासाठी तोंड आम्लधर्मी असून चालत नाही. कॉफी, चहा, कोला, लिंबू सरबत घेतल्यावर पंधरा मिनिटं तरी गम घ्यायचा नसतो. सुधीर कॉफीचा कप संपवायचे आणि तिथेच गम तोंडात टाकायचे. शिवाय साध्या च्युइंगमसारखा भराभर चावायचे. त्याने निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या आणि जळजळ होते, डोक्याला काही मिळत नाही.

दहा दिवसांची वही

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी त्यांना समुपदेशकाकडे पाठवलं. समुपदेशकाने काही सोडायला सांगितलं नाही. दहा दिवस वही ठेवा, म्हणाला. किती वाजता, काय, किती, कुठे, कुणाबरोबर, आणि घेतलेली प्रत्येक गोळी.

कॅफिनचा हिशेब असा निघाला. घरची पावडर ८०:२० ची, म्हणजे ऐंशी भाग कॉफी, वीस भाग चिकोरी. मोठ्या मगात साधारण १०० मिलिग्रॅम, दोन मगांचे २००. मशिनचे चार कप, प्रत्येकी ५० धरून २००. दोन कटिंग, २५ प्रमाणे ५०. एकूण ४५०. थर्ड शिफ्टला मशिनचे दोन कप जास्त आणि २५० मिलिलिटरचा एक कॅन, म्हणजे आणखी १७५, बेरीज ६२५. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे. हे आकडे अंदाजीच असतात, कारण पावडर, चमचा आणि डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरणारा कॉफीचा अर्क) घराघरात वेगळं. पण दर आठवड्याला त्याच मापाने मोजलं तर उतार दिसतो, आणि काम त्यावरच चालतं.

गुरुवारचं कोडं वहीनेच सोडवलं. बुधवारी शेवटचा मग संध्याकाळी सहाला. एरवी पुढचा मग सकाळी साडेपाचला, म्हणजे मध्ये साडेअकरा तास. गुरुवारी सुधीर दहाला उठायचे. अंतर सोळा तासांवर. सिगारेटमुळे निचरा आधीच जलद. उठेपर्यंत डोकं धरलेलं असायचं, मग गोळी, मग मग, आणि बारापर्यंत माणूस ठीक. महिन्याला आठ-दहा गोळ्या जात होत्या. घरात बहाण्याचा आरोप वर्षभर चालला होता, तो त्या दिवशी मिटला.

सिगारेटच्या अवलंबित्वाची चाचणी सहा प्रश्नांची, दहा गुणांची असते. सुधीर यांना पाच मिळाले. त्यातला सगळ्यात बोलका प्रश्न पहिलाच: उठल्यावर किती वेळात ओढता? अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला दोन मिलिग्रॅमचा गम सहसा कमी पडतो. दुसऱ्या प्रयत्नात मात्राही कमी होती तर.

समोर असलेले पर्याय

सगळं एकदम बंद. पहिला प्रयत्न हाच होता. दहा दिवस रजा घेऊन घरी राहता येत असेल तर काहींना जमतं. मशीनशेजारी उभं राहणाऱ्या माणसाला डोकं ठणकत असताना कामावर पाठवणं धोक्याचं. बाजूला ठेवला.

आधी सिगारेट, कॉफी आहे तशी. दुसरा प्रयत्न.

आधी कॉफी पूर्ण बंद, मग सिगारेट. ऐकायला शिस्तीचं वाटतं. बायकोचा कल इकडे होता. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. जीव घेते ती सिगारेट. कॉफीने झोप आणि पित्त बिघडतं, पण कॉफी शून्यावर यायची वाट पाहत सिगारेट दोन-तीन महिने चालू ठेवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आधी कॉफी निम्म्यावर, मग सिगारेट बंद, मग उरलेली कॉफी. समुपदेशकाने हा मांडला. हिशेब सरळ होता: कॉफी ४५० वरून २२५ वर आणली आणि सिगारेट सुटल्यावर रक्तातलं कॅफिन दुप्पट झालं, तरी शरीराला ते आधीच्याइतकंच वाटणार. ना थरथर, ना डोकेदुखी.

बायकोने व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करण्याचाही विषय काढला होता. पुण्यात १९८६ पासून चालणारं मुक्तांगण तिला माहीत होतं. दारू नाही, आडवाट नाही, नोकरी चालू आहे, तेव्हा दाखल होण्याची गरज नाही असं ठरलं. तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६ हा क्रमांक तेवढा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला.

चौथा पर्याय ठरला, पण डॉक्टरांच्या अटीवर: सिगारेट सोडायची तारीख आजच लिहायची, तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार, आणि ती काही झालं तरी हलवायची नाही. सुधीर दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन-ओलान्झापिन घेत नाहीत ना, हेही त्यांनी विचारून घेतलं. ही औषधंही त्याच एन्झाइमने उतरतात. सिगारेट सुटली की त्यांची रक्तातली पातळी चढते आणि मात्रा बदलावी लागते. हा प्रश्न विचारायचा बऱ्याच ठिकाणी राहून जातो.

तीन आठवडे: कॉफी खाली आणणं

घरच्या कॉफीला कात्री लावायची युक्ती बायकोची. कप कमी करण्यापेक्षा पावडर बदलू, म्हणाली. चिकोरीत कॅफिन नसतं. कॉफीच्या दुकानात पावडर ८०:२०, ७०:३०, ६०:४० अशी मागू तशी मिळते. नियमाने चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत घालता येते, म्हणून सगळ्यात स्वस्त मिश्रण ५३:४७ चं दिसतं. ८०:२० वरून ६०:४० वर आलं की मगातलं कॅफिन १०० वरून ७५ वर, ५३:४७ वर ६५ च्या आसपास. डिकॉक्शन उलट जास्त काळं आणि दाट दिसतं, त्यामुळे डोळ्यांना काही गेल्यासारखं वाटत नाही. बिया कुठल्या जातीच्या, अरेबिका की रोबस्टा, तेही विचारावं. रोबस्टात अरेबिकाच्या दुपटीच्या जवळपास कॅफिन असतं आणि स्वस्त मिश्रणात रोबस्टा जास्त असण्याची शक्यता असते. मग चिकोरीने कमावलं ते रोबस्टाने घालवलं. दुकानदाराला ‘प्लँटेशन द्या’ म्हटलं की अरेबिका मिळते.

दोन अडचणी आल्या. चिकोरी जास्त असली की वरच्या भांड्यात चिखल होतो आणि डिकॉक्शन उतरत नाही. पावडर थोडी जाडसर दळून घेतली, दांडीची चकती दाबायची सोडून नुसती टेकवली, आणि पाणी आधी दोन चमचे घालून पावडर भिजू दिली, मग उरलेलं ओतलं. पंधरा-वीस मिनिटांत उतरायला लागलं. दुसरं, चिकोरीतल्या इन्युलिन नावाच्या तंतूने पहिले तीन-चार दिवस पोट फुगलं. ते आपोआप बसलं.

पहिला आठवडा फर्स्ट शिफ्टचा. घरी ६०:४०, मशिनचे तीन कप, दोन कटिंग. बेरीज ३५०. डोकं किंचित जड, बाकी काही नाही. गोळी लागलीच तर साधी पॅरासिटामॉल, असं ठरलं होतं आणि घरातली कॅफिनवाली पाकिटं बायकोने उचलून ठेवली होती. गुरुवारी सुधीर साडेसहाला उठले, मग घेतला आणि पुन्हा झोपले. डोकं दुखलं नाही.

दुसरा आठवडा थर्ड शिफ्टचा, आणि तिथे योजना घसरली. कागदावर २८० होते: ५३:४७ चे दोन मग, मशिनचे दोन कप, दोन कटिंग. प्रत्यक्षात रात्री तीनला डोळे मिटायला लागले की कॅन उघडला जायचा, कधी त्यावर मशिनचा आणखी एक कप. चारशेच्या वर गेलं. चूक सुधीर यांची म्हणता येणार नाही. रात्रपाळीत पायरी उतरायची नसते, असलेल्या पायरीवर थांबायचं असतं, आणि पाळ्यांचं वेळापत्रक तारखा ठरवतानाच समोर ठेवायला हवं होतं. तिसऱ्या आठवड्यात, सेकंड शिफ्टला, दुसरी पायरी पुन्हा घेतली. सिगारेटची तारीख आली तेव्हा कॉफी २८० वर होती, २२५ वर नाही.

आता निर्णय असा: तारीख एक आठवडा पुढे ढकलायची, की अर्ध्या तयारीने उतरायचं? समुपदेशकाला ढकलावी वाटत होती. डॉक्टर अडून बसले. एकदा हललेली तारीख दुसऱ्यांदा सहज हलते, आणि मुलांना, शिफ्टमधल्या लोकांना, सगळ्यांना ती सांगून झाली होती. तारीख पाळली.

सिगारेट थांबली तो गुरुवार आणि पुढचे दहा दिवस

आदल्या रात्री घरातली पाकिटं, लायटर, गॅलरीतला डबा गेला. पाकिट नसून भागत नाही. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटच्या विक्रीवर २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर सुटी मिळते. म्हणून पहिले दोन आठवडे गेटबाहेर पाऊलच टाकायचं नाही, असं ठरलं. कटिंगच्या वेळेला कॅन्टीनच्या मागच्या बाजूला फेरी, खिशात बडीशेप आणि भाजलेला ओवा. तलफेची एक लाट तीन ते पाच मिनिटांची असते. तेवढ्या वेळात कॅन्टीनपासून स्टोअरपर्यंत जाऊन परत येता येतं, हे सुधीर यांनी घड्याळ लावून पाहिलं.

गम या वेळी डॉक्टरांच्या चिठ्ठीने चार मिलिग्रॅमचा. घ्यायची रीत समोर बसवून शिकवली: सावकाश आठ-दहा वेळा चावायचा, जिभेला तिखट झिणझिण्या आल्या की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा दोन-चारदा चावून बाजू बदलायची. अर्ध्या तासाने टाकून द्यायचा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी. तलफ आल्यावर घेण्याऐवजी घड्याळाने घ्यायचा, कारण निकोटिन गालातून रक्तात उतरायला वेळ लागतो. कॉफीनंतर चूळ भरून पंधरा मिनिटं थांबायचं. उचक्या आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी टूलरूममधला एक जण जवळ आला. ‘सर, एक चिमूट लावा ओठाखाली, सिगारेटची आठवणपण नाही येणार.’ मळलेली तंबाखू, चुन्यासकट. सल्ला प्रेमाचा होता, आणि सिगारेट सोडणारी कितीतरी माणसं इथेच तंबाखूवर जातात. गोड सुपारीचंही तसंच. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच व्यसन लावते आणि तोंडाचा कर्करोग करते. सुधीर यांनी ओव्याची डबी पुढे केली.

पाचव्या दिवशी तीच जुनी खूण दिसली. हात थरथरले, धडधड, रात्री दीडपर्यंत जाग. पण या वेळी कारण माहीत होतं. धूर थांबला होता; २८० मिलिग्रॅम शरीराला साडेपाचशेसारखे वाटत होते. शिवाय निचरा मंदावल्यामुळे संध्याकाळी सहाचा मग मध्यरात्रीपर्यंत रक्तात रेंगाळत होता. कॅफिन निम्मं उतरायला एरवी सरासरी पाच तास लागतात, सिगारेट ओढणाऱ्याला त्याहून बरेच कमी. सुधीर यांचं घड्याळ आठवड्याभरात सरासरीवर आलं होतं. संध्याकाळचा मग दिवसा लवकर घ्यायला हवा हे योजनेत कुणी लिहिलंच नव्हतं.

समुपदेशकाने फोनवर एका झटक्यात निम्मी कपात सांगितली. सकाळचा मग ६५, दहाला मशिनचा एक कप ५०, एक चहा २५. एकूण १४०, आणि सगळं दुपारी बाराच्या आत. संध्याकाळी निव्वळ चिकोरी, दूध आणि गूळ. सुधीर घाबरले होते, आता डोकं फुटणार म्हणून. दुसऱ्या दिवशी किंचित जडपणा आला, पॅरासिटामॉलही लागली नाही. आठव्या रात्री अकराला झोप लागली.

हे अनपेक्षित नव्हतं, पण योजनेत तसं कुणी वाचलं नव्हतं. ३५० वर येताना डोकं जड होत होतं आणि २८० वरून थेट १४० वर येताना जवळपास काहीच नाही, कारण बाहेरून येणारं निम्मं झालं तेव्हाच आतला निचराही निम्म्यावर आला होता. कॉफी निम्मी करण्याची सगळ्यात सोपी वेळ सिगारेट सोडल्याचा पहिला आठवडाच होती.

बद्धकोष्ठता मात्र झाली. सकाळची कॉफी आणि सिगारेट दोन्ही आतडी हलवतात. दोन्हींवर एकदम हात पडला. रात्री दोन चमचे इसबगोल आणि भरपूर पाणी, दोन आठवडे.

पाचवा आठवडा

भाच्याची हळद. रात्री अकरा, गच्चीवर जुने मित्र, कुणीतरी पुढे केलेलं पाकिट. एक ओढली, मग दुसरी. घरी परतताना सुधीर यांचा सूर ‘गेलं सगळं’ असा होता. सकाळी सहाला बायकोने वहीत ओळ लिहायला लावली: वेळ, जागा, किती, कुणाबरोबर. इतर नोंदींसारखीच एक नोंद. गम त्या दिवशी खिशात नव्हता. झब्ब्याला खिसा नव्हता, हे कारण हास्यास्पद वाटेल, पण खरं होतं. पुढच्या लग्नाला गमची पट्टी बायकोच्या पर्समध्ये गेली. त्या दोन सिगारेटींपाठोपाठ तिसरी आली नाही.

नऊ महिन्यांनंतर

सिगारेट बंद; हळदीच्या दोन सोडल्या तर नोंद नाही. गम बारा आठवड्यांऐवजी चौदा लागले. शेवटच्या दोन आठवड्यांत सकाळचा एक सोडवत नव्हता, तो दोन मिलिग्रॅमचा करून मग सुटला. रक्तदाब १३४/८६. त्यात झोपेचा, कॉफीचा आणि सिगारेटचा वाटा वेगळा काढता येणार नाही; डॉक्टरांनी गोळी सुरू केली नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले. पित्ताच्या गोळ्या बंद. वजन ७४ वरून साडेसत्त्याहत्तर किलो. सिगारेट सुटल्यावर वर्षभरात चार-पाच किलो वाढणं सर्वसाधारण आहे, पण कॅन्टीनच्या संध्याकाळच्या भज्यांचा हातभार त्यात नक्की आहे.

कॉफी सुटलेली नाही. सकाळचा एक मग आहे, ५३:४७ चा. चौथ्या महिन्यात शून्यावर जायचं का, यावर बोलणं झालं. सुधीर यांना नको होतं, बायकोला तर अजिबात नको होतं. सकाळी साडेपाचला दोघं एकत्र बसतात ती तेवढीच वेळ. दिवसाला ६५ मिलिग्रॅमवर गुरुवारी दहाला उठलं तरी डोकं दुखत नाही, हे तीन गुरुवार करून पाहिलं आणि विषय मिटवला.

काय वेगळं करता आलं असतं

तीन आठवडे वाट पाहिली नसती तरी चाललं असतं. वही झाल्यावर आठवड्याभरातली तारीख घेऊन, सिगारेट सोडल्याच्या पहिल्या तीन-चार दिवसांत कॉफी पायरीपायरीने निम्म्यावर आणली असती तर पाचव्या रात्रीची जाग टळली असती आणि पावणेदोनशेच्या आसपास सिगारेटी कमी ओढल्या गेल्या असत्या. डॉक्टरांचा घाईचा आग्रह या बाबतीत बरोबर होता. पूर्ण बरोबर म्हणवत नाही, कारण त्या तीन आठवड्यांत घरची पावडर, गोळ्या आणि गुरुवारची डोकेदुखी मार्गी लागली, आणि ‘आपल्याला जमतं’ असं सुधीर यांना पहिल्यांदा वाटलं. ज्याचे आधीचे दोन प्रयत्न फसलेत त्याला त्याची किंमत असते.

गोळ्यांचा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. ‘चहा-कॉफी किती?’ असं विचारलं की कुणी गोळी सांगत नाही. घरातलं पाकिट उलटं करून मागचा मजकूर वाचायला सांगावं.

तारीख पाळ्यांच्या तक्त्यावर बघून घ्यावी: फर्स्ट शिफ्टच्या आठवड्याची सुरुवात, लगेच पुढे थर्ड आला तर तो पायरी न बदलता काढायचा.

थर्ड शिफ्टचं काम अजून अर्धवट आहे. मशिनचे जादा कप गेले. रात्री एकच्या जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटांची डुलकी घ्यायची सोय झाली. शिफ्ट इंजिनिअरशी बोलून, तोंडीच. पण महिन्यातल्या त्या आठवड्यात दोन-तीन कॅन अजूनही उघडले जातात, पहाटे तीनला. सकाळी आठला घरी येऊन झोपायचं असतं आणि तोवर पाचच तास झालेले असतात. कॅन एकच्या जेवणाआधी आणता येईल का, हे पुढच्या थर्डला करून बघायचं ठरलं आहे.